खेळ, खेळणारे आणि खेळवणारे

खेळाला आपल्या धर्माने कधी वर्ज्य मानलेले नाही. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट मांडून बसलेली दिसतात, आणि त्या डावात हरलेल्या शंकराच्या रुसव्याची कथा पुराणिक आजही रंगवून सांगतात. गोकुळातल्या कृष्णाचे बालपण तर खेळातच गेले. ज्या मोक्षपटाचे कर्तृत्व परंपरा ज्ञानेश्वर माउलींकडे देते, त्यात कवड्या टाकीत पुण्याच्या शिडीने वर चढावयाचे आणि पापाच्या सापाने खाली घसरावयाचे. पुढे त्यातले तत्त्वज्ञान गळून पडले आणि सापशिडी तेवढी मुलांच्या हाती उरली. ईश्वराने ही सृष्टी कशासाठी निर्माण केली, या प्रश्नाला वेदान्ताने दिलेले एक उत्तर ‘लीला’ असे आहे. जी परंपरा विश्वाच्या उत्पत्तीकडेच क्रीडा म्हणून पाहते, तिने पोरांच्या खेळण्याकडे मात्र कपाळाला आठ्या घालून पाहावे, हे मला काहीसे विसंगत वाटते.

हे सांगण्याचे कारण असे की, गेल्या कार्तिकात आमच्या आदिलाबादच्या देवळात उत्सवाच्या निमित्ताने एक व्याख्यान ठेवावयाचे ठरले. विषय मंडळींनी आधीच पक्का केला होता : मोबाइलवरचे खेळ आणि बिघडलेली पिढी. वक्ता म्हणून माझे नाव पुढे आले, कारण वकील मनुष्य कोणत्याही विषयावर तासभर बोलू शकतो असा समज आमच्या गावात दृढ आहे. मी होकार दिला. पण एक अट घातली. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून कोणाला दोषी ठरवावयाचे नाही, हा आमच्या कोर्टाचा नियम देवळाच्या ओसरीवरही पाळावा. म्हणून व्याख्यानापूर्वी महिनाभर मी खेळणाऱ्या मुलांच्या साक्षी घेतल्या, आणि त्या ऐकल्यावर विषयाचे नाव बदलून घेतले.

आमचा जिल्हा सीमेवरचा. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र लागतो. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, मग आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात, असा आमच्या सातबाराचा पत्ता बदलत गेला. घरातली मराठी तेवढी बदलली नाही. इथली मुले शाळेत तेलुगू बोलतात, घरी मराठी, बाजारात उर्दू, आणि केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेत गोंडीही त्यांच्या कानांवर पडते. मोबाइलवरच्या लढाईत मात्र सगळी हिंदीत ओरडतात, कारण त्यांच्या तुकडीतला एक पाटण्याचा असतो, एक इंदूरचा. कापसाच्या गाडीवर बसून बाजारसमितीच्या आवारात बापाची वाट पाहणारा मुलगाही त्या लढाईत सामील असतो. म्हणजे ही गोष्ट आता मोठ्या शहरांतल्या श्रीमंतांच्या पोरांपुरती राहिलेली नाही.

मुले खेळांची तरफदारी करतील अशी माझी अपेक्षा होती. पण खेळांवर जितकी कडवट टीका या मुलांकडून ऐकली, तितकी देवळातल्या वृद्धांकडूनही कधी ऐकली नव्हती. फरक एवढाच की वृद्धांचा राग खेळण्यावर होता आणि मुलांचा खेळवणाऱ्यांवर.

माझा भाचा हैदराबादेत नोकरी करतो आणि पगारातले चार पैसे खेळांवर खर्च करतो. त्याने मला पहिला दाखला दिला तो असा : “मामा, तुम्ही दुकानातून पंखा विकत आणला, आणि दुकानदार म्हणाला की पाती सहा महिन्यांनी पाठवतो, तर चालेल का तुम्हांला?” त्याचा रोख अपुऱ्या अवस्थेत विकल्या जाणाऱ्या खेळांवर होता. पोलंडच्या एका कंपनीने ‘सायबरपंक २०७७’ नावाचा खेळ १० डिसेंबर २०२० रोजी मोठ्या गाजावाजाने विक्रीस आणला. जुन्या यंत्रांवर तो इतका अडखळू लागला की सोनी कंपनीने आठवडाभरातच तो आपल्या दुकानातून काढून घेतला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. पुढे तो दुरुस्त झाला आणि आज त्याची वाखाणणीही होते. पण पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजणारा ग्राहक हा त्या दुरुस्तीचा बिनपगारी परीक्षक ठरला. शिवाय दुरुस्ती म्हणजे पुन्हा काही जीबी उतरवून घेणे. ज्या गावात रोजचे इंटरनेट दीड-दोन जीबीच्या मापाने मोजून मिळते, तिथे एका दुरुस्तीसाठी आठवडा वाट पाहावी लागते.

दुसरा दाखला माझ्या व्यवसायाला अधिक जवळचा होता. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ साली ‘द क्रू’ नावाचा मोटारशर्यतीचा खेळ विकला आणि ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळावयाचे म्हटले तरी सर्व्हरशी जोडणी अनिवार्य होती. त्यामुळे लोकांनी रोख पैसे मोजून घेतलेली वस्तू त्या दिवसापासून निरुपयोगी झाली. खेळाडूंचे म्हणणे होते की आम्ही ती विकत घेतली आहे. कंपनीचे म्हणणे होते की तुम्हांला आम्ही केवळ वापराचा परवाना दिला होता. आमच्या भाषेत सांगावयाचे तर, खरेदीखत म्हणून वाचून दाखवले आणि सही घेतली ती भाडेचिठ्ठीवर. या प्रकारातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली, आणि युरोपात दहा लाखांहून अधिक नागरिकांनी तिच्या मागणीला आपली नावे जोडली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदाच केला की, जिथे ग्राहकाला केवळ परवाना मिळतो, तिथे तसा स्पष्ट खुलासा केल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरता येणार नाही. माझ्या आजीचा सारीपाट तिच्या पश्चात तीन घरांत फिरला आणि अजून चालू आहे. तो विणणाऱ्याला तो परत मागण्याचा अधिकार असतो, ही कल्पना तिला कोणी सांगितली असती तर ती खदखदून हसली असती.

तिसरी तक्रार पैशाने विकत मिळणाऱ्या विजयाची. २०१७ च्या नोव्हेंबरात इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीचा ‘बॅटलफ्रंट २’ हा खेळ बाजारात येत होता. त्यातली नामांकित पात्रे मिळवण्यासाठी एक तर तासन्‌तास खपावे, नाहीतर पैसे भरून बंद पेट्या उघडाव्यात आणि आत काय निघते ते पाहावे, अशी योजना होती. पूर्ण किंमत देऊन खेळ घेणारे लोक इतके खवळले की विक्रीच्या आदल्या दिवशी कंपनीला ती पैशाची खिडकी बंद करावी लागली. पुढच्याच वर्षी बेल्जियमने असा निर्वाळा दिला की पैसे देऊन उघडावयाच्या अशा पेट्या म्हणजे जुगारच होय. आमच्याकडच्या मुलांना हे काही वाचून समजावून घ्यावे लागत नाही. समोरच्या तुकडीतल्या एखाद्या मुलाची बंदूक आपल्यापेक्षा जबर का आहे, याचे उत्तर त्यांना ठाऊक असते : त्याच्या बापाचे खाते मोठे आहे. आणि जो पैसा देत नाही तो कित्येकदा लबाडी करतो. भिंतीपलीकडचे दिसणारी, नेम आपोआप लावणारी चोरटी साधने वापरतो. एका मुलाने मला सरळ सांगितले, “काका, हरायला काही वाटत नाही. पण आपण कशानं हरलो ते तरी कळलं पाहिजे ना.”

या वाक्यात खेळाचे सगळे धर्मशास्त्र आहे. खेळ म्हणजे एक करार असतो. नियम आधी ठाऊक असावेत, ते दोघांना सारखे असावेत, डाव केव्हातरी संपावा, आणि पट ज्याचा त्याच्यापाशी राहावा. मुलांच्या साक्षी मी या चार कलमांखाली लावून पाहिल्या, तेव्हा एकही तक्रार बाहेर उरली नाही. चारही कलमे मोडली होती, आणि ती मोडणारा खेळाडू नव्हता.

आपल्या पूर्वजांना हा तिसरा पक्ष चांगला ठाऊक होता. त्याला स्मृतिकार ‘सभिक’ म्हणतात. सभिक म्हणजे द्यूतगृह चालवणारा. तो स्वतः फारसा खेळत नाही, तो खेळवतो. आणि कोणीही जिंकले तरी आपला हिस्सा घेतो. कौटिल्याने द्यूत बंद करण्याचा आग्रह धरला नाही. त्याने ते सरकारी अध्यक्षाच्या देखरेखीखाली एका ठिकाणी आणले, फासे अध्यक्षानेच पुरवावेत असे ठरवले, ते हातचलाखीने बदलणाऱ्यास बारा पण दंड सांगितला आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घेण्यास मुभा दिली. म्हणजे फासे कोणाच्या हातचे आणि नफा कोणाच्या पदरात, हे दोन प्रश्न त्याने दोन हजार वर्षांपूर्वी ओळखले होते.

‘मृच्छकटिका’च्या दुसऱ्या अंकात या सभिकाचे जे चित्र आहे, ते मला अलीकडे वारंवार आठवते. द्यूतात हरलेला संवाहक पैसे न देता पळतो आणि एका ओस देवळात शिरून मूर्तीसारखा निश्चल उभा राहतो. माथुर नावाचा सभिक एका जुगाऱ्यासह मागोमाग येतो. ही मूर्ती नव्हे, हे त्या दोघांच्या ध्यानी येते. पण ते त्याला धरीत नाहीत. ते तिथेच बसून फासे खेळू लागतात. फाशांचा तो आवाज कानी पडताच संवाहकाचा निश्चय वितळतो आणि देवाचे सोंग टाकून तो आपण होऊन पुढे येतो. सभिकाचे खरे कसब या एका प्रसंगात साठवले आहे. त्याला दार फोडावे लागत नाही. आवाज केला की पुरते. आज तो आवाज मुलाच्या खिशात वाजतो. ‘तुझी तुकडी वाट पाहत आहे’, ‘आजचे बक्षीस दोन तासांत संपेल’, असे निरोप रात्री अकरा वाजता येतात. ते निरोप पाठवणारा कोणी मित्र नसतो. कोणत्या मुलाला कोणत्या वेळी हाक मारली असता तो येतो, याचा हिशेब ठेवणारे यंत्र असते.

याच सुमारास माझ्याकडे एक पक्षकार आले. पैनगंगेकाठच्या गावचे, पाच एकरांचे कापूसवाले. दिवाळीनंतर माल विकून पैसे खात्यात जमा झाले होते आणि पासबुक छापून घेतले तेव्हा तेवीस हजार कमी निघाले. एकोणतीस, एकोणऐंशी, चारशे, आठशे अशा नोंदी ओळीने उतरलेल्या. चौदा वर्षांच्या मुलाने खेळातले ‘हिरे’ विकत घेतले होते. ते गृहस्थ खुर्चीवर बसलेच नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, “वकीलसाहेब, एवढंच सांगा, माझं पोरगं चोर झालं का?”

मी मुलाला आत बोलावले. तो रडत नव्हता. हिशेब सांगत होता. “काका, सीझन संपायला दोन दिवस होते. पुढचे टप्पे घेतले नसते तर आधीचं सगळं वाया गेलं असतं.” एक हिरा किती रुपयांना पडतो, असे मी विचारले. त्याला ते चटकन सांगता येईना, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. रुपयांचे हिरे, हिऱ्यांची नाणी, नाण्यांच्या पेट्या अशा तीन पायऱ्या उतरल्यावर रुपयाची ओळख राहू नये, हीच त्या मांडणीची योजना असते. गोव्यातील वाचकांना मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनोच्या नौका परिचित आहेत. तिथे शिरणाऱ्याला निदान आपण कुठे शिरतो आहोत हे ठाऊक असते, आणि दारावर त्याचे वय पाहिले जाते. या मुलाच्या वाटेत तसले दारच कुठे नव्हते.

कायद्याने पाहू जाता उत्तर सोपे आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नाही, आणि तिने केलेला करार मुळातच शून्य होय, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरी बीबीच्या खटल्यात सांगून ठेवले आहे. पण कंपनीला पत्र पाठवले तेव्हा उत्तर आले की व्यवहार खातेधारकाच्या फोनवरून, खातेधारकाच्या गुप्त अंकाने झाला आहे, सबब हरकत मान्य नाही. खाली सही कोणाचीच नव्हती. तिसऱ्या पत्रानंतर नऊ हजार परत आले. उरलेले चौदा हजार म्हणजे त्या घराचे पुढच्या हंगामाचे बियाणे आणि पहिले खत. ते त्यांनी आडत्याकडून उचल घेऊन भागवले.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे तर असल्या खेळांवर बंदी आली आहे. आली आहे, पण ती नीट वाचली पाहिजे. तेलंगणाने २०१७ सालीच आपल्या १९७४ च्या जुगारविरोधी कायद्यात दुरुस्ती करून, खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसा लावून ऑनलाइन खेळण्यास मनाई केली. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानेही तीच दिशा धरली. त्याविरुद्ध कंपन्या न्यायालयात गेल्या आहेत. त्याचा शेवट काय व्हावयाचा तो होवो. मला त्या कायद्यातली एक गोष्ट योग्य वाटते : त्यात शिक्षा आहे ती असे खेळ चालवणाऱ्याला, त्यांची जाहिरात करणाऱ्याला आणि त्यांच्या पैशाची वाहतूक करणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. हा विचार आमच्याच प्रदेशाने पूर्वी न्यायालयापुढे आणला होता. सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीचा खटला जुन्या हैदराबाद जुगार कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६७ सालच्या त्या निकालात न्यायालयाने रमीला मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरवले, हे सर्वांना ठाऊक आहे. रमीच्या कंपन्यांनी ते वाक्य पुढे वर्षानुवर्षे ढालीसारखे वापरले. पण त्याच निकालात न्यायालयाने असेही बजावले होते की, पैसे लावून चाललेल्या खेळातून जागेचा वा क्लबाचा मालक नफा काढीत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा शाबीत होऊ शकतो. ते वाक्य जाहिरातीत कोणी छापले नाही.

परंतु नव्या कायद्याची व्याख्या अशी की, पैसा देऊन त्या बदल्यात पैसा वा तसाच लाभ मिळण्याची आशा असेल तरच तो पैशाचा खेळ. त्या मुलाच्या हिऱ्यांतून रुपया परत मिळावयाचा नव्हताच. तो केवळ जात होता. म्हणजे ज्या खेळात निदान जिंकण्याची आशा आहे तो निषिद्ध, आणि ज्यात फक्त गमावणेच आहे तो करमणुकीचा म्हणून मोकळा. हे छिद्र बुजवण्यासारखे आहे, आणि ते बुजवता येते हे इतरत्र दिसले आहे. ‘फोर्टनाइट’ या खेळाची मालक असलेल्या एपिक कंपनीने अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी डिसेंबर २०२२ मध्ये बावन्न कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले साडेचोवीस कोटी ग्राहकांना परत देण्यासाठी होते, कारण चुकून एक बटण दाबले तरी पैसे कापले जातील अशी मांडणी कंपनीने ठेवली होती, असा आयोगाचा आरोप होता. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीचे तेरा प्रकार मनाई केलेले आहेत, आणि त्यांत ‘खोटी घाई’ हा एक आहे. ‘सीझन दोन दिवसांत संपतो’ या निरोपाला हा नियम लावून पाहिला पाहिजे. तो लागू होतो की नाही हे ठरवण्यासाठी आधी कोणीतरी तक्रार करावी लागते, आणि बाप मुलाला चोर समजून घरात कोंडतो तोवर ती तक्रार होत नाही.

देवळातल्या व्याख्यानात मी एवढेच मांडले. एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, “मग मुलांचं काहीच चुकत नाही, असं का तुमचं म्हणणं?” मी म्हणालो, चुकते. धर्मराजाचेही चुकले होते, आणि व्यासांनी ते लपवले नाही. पण त्या सभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न कायद्याचा होता : जो आधी स्वतःला हरून बसला, त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? भीष्मांसारख्यांनाही त्याचे उत्तर देता आले नाही. चौदा वर्षांच्या मुलाला ज्या घराचा पैसा पणाला लावण्याचा अधिकारच नव्हता, तो पण ज्याने बिनदिक्कत स्वीकारला, त्याला हाच प्रश्न विचारावयाचा आहे. मुलाला आपण घरात समजावू. तो आपल्या हातचा आहे.

समजावण्याच्याही काही रीती आहेत. फोनवरच्या प्रत्येक खरेदीला गुप्त अंक लागेल अशी व्यवस्था करावी आणि तो अंक मुलापाशी असू नये. कापसाचे पैसे ज्या खात्यात येतात, ते खाते मुलाच्या हाती असलेल्या फोनशी जोडू नये. पैसे गेलेच तर त्याच दिवशी बँकेला लेखी कळवावे, कंपनीला मूल अज्ञान असल्याचे लिहावे आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आणि एखाद्या संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, मुलाच्या शेजारी बसून त्याच्याकडून तो खेळ समजून घ्यावा. त्यात कोण कोणाशी लढते, कोणत्या गोष्टीला पैसे पडतात, आणि त्याला कशाचा राग येतो, ते त्याला सांगू द्यावे. माझा अनुभव असा की मुले हे फार मोकळेपणाने सांगतात. त्यांना आजवर कोणी विचारलेले नसते.